जहाज बघायला गेलेली थेडा योस्ट

थेडा योस्ट मेली, असं धरून आम्ही एक अख्खी सकाळ काढली. मी मालगाडीच्या वाघिणीवर उभा राहून लांब सळई कोळशात खुपसत होतो. सळई खाली जाताना मऊ काही लागतंय का, ते बघायचं होतं. आणि त्याच वेळी ही बाई बाल्टिमोरला खाडीच्या काठावर बसून खेकड्याचं सँडविच खात होती.

तिच्याबद्दल गावात आता वाट्टेल ते बोलतात. डोकं सरकलंय, नको तिथं नाक खुपसते, असलं. बोलणाऱ्यांनी एकदा तिच्याबरोबर पाळी काढून दाखवावी. मी काढल्यात. म्हणून जे झालं ते मीच सांगतो.

थेडा मावशी आमच्या ऑल्डर रनच्या खाणीत बेल्ट तपासते. सख्खी मावशी नाही, पण आईच्या वयाच्या बाईला आमच्या खोऱ्यात नुसत्या नावानं कोण हाक मारतं. कोळसा खाणीतून वॉशरीपर्यंत, म्हणजे तो धुतात तिथपर्यंत, रबरी पट्ट्यावरून येतो, तो पट्टा म्हणजे बेल्ट. मैलोगणती लांब. त्याच्या कडेकडेनं रात्रभर एकटीनं चालायचं, कुठला रोलर गरम झालाय, कुठं भुकटी साठून आग लागेल, ते बघायचं. तिच्या बापानं हेच काम केलं, तो कोळशाच्या धुळीनं काळ्या पडलेल्या फुफ्फुसांनी गेला. नवरा ट्रक चालवायचा, तो दुसऱ्याच कारणानं गेला, म्हणजे फ्लोरिडाला.

एकटं चालायचं काम असलं की माणसं दोन प्रकारची होतात. काही मुकी होतात. काहींच्या डोक्यात प्रश्न साठतात. मावशीच्या डोक्यात साठायचे, आणि पाळी सुटल्यावर ते आमच्यावर सांडायचे.

"हा कोळसा जातो कुठं रे लेव्ही?"

"वर जातो, मावशी."

"आणि वरून?"

"वॉशरीत. तिथनं गाडीत. तिथनं मला काय माहीत. पगार होतो ना?"

"तुझ्या ताटातलं कुठनं येतं हेही तुला माहीत नसेल."

"पेपरोनी रोल कोलासांतींच्या बेकरीतनं येतो."

"बस, एवढंच तुझं जग."

पूर्वी तिला हा प्रश्न पडत नसे. कोळसा नदीनं खाली पॉवर हाऊसला जायचा. त्याच्या चिमण्या तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसायच्या. चिमणीतून धूर निघाला की ती म्हणायची, हा माझा. मग पॉवर हाऊसवाल्यांनी गॅस घेतला. गॅस कुठला, तर आमच्याच डोंगरातला. कोळशाच्या थराच्या खूप खाली खडक फोडून काढतात, आणि तो इतका स्वस्त निघाला की चिमण्या थंडच पडल्या. अशी गॅसची एक विहीर तिच्या सख्ख्या भावाच्या, ओरिनच्या, कुरणात आहे. ओरिननं जमीन गॅसवाल्यांना दिली, नवा पिकअप घेतला, आणि बहीण-भावाचं बोलणं बंद झालं.

"माझ्या पोटावर पाय देऊन त्यानं गाडी घेतली," मावशी म्हणायची.

"पण मावशी, तुझी शेगडीपण गॅसचीच आहे."

"ती आधीपासनं आहे. मध्ये बोलू नकोस."

तर पॉवर हाऊस बंद पडलं तरी खाण बंद पडली नाही. सगळ्यांना आश्चर्य वाटलं. कोळसा आता परदेशी जातो म्हणाले. गाड्या नदीकडे न जाता पूर्वेला डोंगर चढून बंदराकडे निघाल्या. एक महिना गाडीवर गाडी, ओव्हरटाइम, रविवारीसुद्धा काम. पुढच्या महिन्यात गाड्या भरायचं सायडिंग रिकामं, आणि आम्ही झाडू घेऊन भुकटी झाडतोय. परत गाडीवर गाडी. कुणाला काही अंदाज येईना. पॉवर हाऊस असताना रोज तेवढाच कोळसा लागायचा, वीज काय कुणी मध्येच बंद करत नाही. आता कोणी तरी लांबवर बसून नळ सोडायचा, नळ बंद करायचा. आणि तो कोण, ते आम्हाला कोणी सांगेना.

त्यात आमचा कोळसा तसा नावाजलेला नाही. उष्णता भरपूर, पण गंधक जास्त. आपल्याकडे अमेरिकेत गंधकाच्या धुराला कायदे आहेत, धूर धुवायची यंत्रं लावावी लागतात. दक्षिणेकडच्या खाणींचा कोळसा पोलाद बनवायला जातो, त्याला जगभर मागणी, ते लोक ताठ मानेनं फिरतात. आमचा कोळसा नुसता जाळायचा. मग तो एवढ्या लांब नेऊन जाळतंय कोण? मावशी याच प्रश्नावर अडून बसली.

तशात खाणीचा मॅनेजर स्टुअर्ट क्रेस यानं बाथहाऊसमध्ये, आम्ही अंघोळ करून कपडे बदलतो तिथं, सगळ्यांना जमवलं. क्रेस माणूस वाईट नाही. फक्त वाईट बातमी सांगताना बुटांकडे बघतो. त्यानं बुटांकडे बघत सांगितलं की माणसं कमी करायची आहेत. जुन्यांपैकी पाच जणांनी आपणहून स्वेच्छानिवृत्ती घेतली तर ठीक, कंपनी त्यांना एकरकमी देईल. नाही तर सगळ्यात नवे पाच जण घरी. युनियनच्या नियमानं शेवटी आलेला आधी जातो. सोमवारपर्यंत सांगा.

चार जुन्यांनी तिथल्या तिथं सही केली. पाचवी सही राहिली. जुन्यांत उरलेल्यांमध्ये कागद पुढं करावा अशी एकच होती, थेडा मावशी. आणि नव्यांत सगळ्यात नवा मी.

मी तिला काही म्हणालो नाही. सांगून ठेवतो, कारण गावात उलटं बोलतात. मी उलट म्हणालो, की मावशी, तू सही केलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही.

"तुला कोण विचारतंय," ती म्हणाली. "हे माझं आणि कोळशाचं आहे."

प्रत्येक जण तिला शिकवायला लागला. युनियनचा बस्टर पोलिनो म्हणाला, "थेडा, पैसे घे आणि गप पोर्चवर बस. वर्षभरात खाण बंद होणार, तेव्हा फुटकी कवडी मिळायची नाही." खाणीत उतरताना दिवे देणारी, लॅम्परूमची डार्लीन म्हणाली, "काही बंद होत नाही, जगात कोळसा लागतोच. सोडू नकोस." कुणी म्हणे किमती चढल्यात, कुणी म्हणे पडल्यात. कुणी टीव्हीवर ऐकलेलं सांगत होतं, कुणी मेव्हण्याकडून.

मावशीनं सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी जहाज कुणी बघितलंय?"

कुणीच बघितलेलं नव्हतं.

"मग तुम्ही सगळे काय वाट्टेल ते बोलताय."

तिला म्हणे एवढंच बघायचं होतं, की जहाज एकच आहे की अनेक. एकच असेल तर बस्टरचं खरं. रांग असेल तर राहायचं. इतका साधा हिशेब. पण तिची गाडी डोंगर चढून बाल्टिमोरपर्यंत जाईल असं ती गाडी विकणाराही म्हणाला नसता. मग तिनं काय करावं? ओरिनला फोन केला. इतक्या वर्षांनी. हे मला नंतर कळलं. कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि सगळा घोळ तिथंच झाला.

आता बिल्ल्याचं सांगतो. आमच्या खाणीत उतरताना प्रत्येकानं आपला पितळी बिल्ला लॅम्परूमच्या फळीवर ‘आत’ या बाजूला लावायचा. वर आलं की काढायचा. फळीवर बिल्ला म्हणजे माणूस खाली. यावर वाद नाही. मॅनेजर असो की सरकारी तपासनीस, बिल्ला काय सांगतो ते खरं.

मावशीनं अख्ख्या जन्मात एकदाही बिल्ला विसरला नव्हता. त्या सकाळी विसरली. कारण ती खाणीच्या रोजच्या तोंडानं वर आलीच नाही. रात्रपाळी संपताना तिला कळलं की सायडिंगला गाडी लागलीय आणि बंदराला जाणारा कोळसा भरतायत. मग ती बेल्टच्या कडेनं चालत तशीच पुढं वॉशरीच्या टोकाला बाहेर पडली, भरणारी गाडी बघत उभी राहिली. ओरिन तिथंच पिकअप घेऊन थांबला होता. तिनं नळावर तोंड धुतलं, त्याचा कोट अंगावर घातला आणि बसली पिकअपमध्ये. तिचा बिल्ला फळीवर. तिची गाडी आवारात. तिचा फोन बाथहाऊसमधल्या लॉकरमध्ये, खाली मिथेन असतो म्हणून फोन न्यायचा नसतो.

दिवसपाळीच्या मोजणीत एक बिल्ला जास्त निघाला. डार्लीननं लॉकर रूममध्ये हाका मारल्या. फोन लावला, तर लॉकरमधून बेल वाजली. मी तिथंच बूट बांधत होतो. तो आवाज मी विसरणार नाही, एवढंच सांगतो.

बेल्ट बंद झाले. खाली सगळं काम थांबलं. सगळे जण बेल्टच्या कडेनं चालत सुटले, हाका मारत, रोलरांच्या खाली दिवे टाकत. बेल्ट तपासणाऱ्या माणसाची बाही एकदा पट्ट्यात अडकली की पट्टा काही विचारत नाही. सापडली नाही. मग वेंडेल टेनंट, आमचा फोरमन, हळूच म्हणाला, "गाडी थांबवा."

कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. पट्ट्यावर पडलेलं सगळं शेवटी गाडीत जातं.

गाडी निम्मी भरली होती. ती थांबवली. ज्याला मिळेल त्यानं सळई घेतली. मी वाघिणीवर चढलो. वेंडेल शेजारच्या वाघिणीवर. तो एका जागी थांबला आणि म्हणाला, "लेव्ही, जोरानं मारू नको रे. हळू घाल." मी म्हणालो बरं.

दुपार व्हायच्या सुमाराला लॅम्परूमचा फोन वाजला.

डार्लीन सांगते ते असं. पलीकडून वाऱ्याचा आवाज, पक्ष्यांचा कलकलाट, आणि एक बाई म्हणते, "डार्लीन, लेव्ही वर आला की त्याला सांग, सहा आहेत."

"कोण बोलतंय?"

"थेडा. कोण म्हणजे काय. सहा जहाजं आहेत म्हणावं. एक धक्क्याला आणि पाच बाहेर पाण्यात उभी, आपल्या पाळीची वाट बघत."

डार्लीननं फळीवरच्या बिल्ल्याकडे बघत विचारलं, "तू कुठं आहेस?"

"बाल्टिमोर. खेकड्याचं सँडविच खातेय. ओरिनच्या फोनवरून बोलतेय, लवकर बोल."

"थेडा, बाई, तू जमिनीखाली आहेस. तुझा बिल्ला माझ्यासमोर लटकतोय. सगळी खाण तुला शोधतेय."

मग मावशी म्हणाली, "अगं आई गं. गाडीपण थांबवली?"

"गाडीपण."

"इथं जहाज त्याच गाडीसाठी थांबलंय," मावशी म्हणाली.

ते जहाज शेवटी आमच्या गाडीसाठी थांबलंच नाही. जहाज नुसतं उभं ठेवायचेही पैसे पडतात. त्यांनी दुसऱ्या खाणीचा कोळसा टाकला आणि ते गेलं. आमची निम्मी गाडी सायडिंगवर तशीच उभी राहिली.

आमच्या खाणीत एक रीत आहे. दुसरीकडे असेल-नसेल, माहीत नाही. बिल्ला विसरून ज्यानं लोकांना शोधायला लावलं, त्यानं शोधणाऱ्यांची पाळी सुटताना लॅम्परूमच्या फळीपाशी उभं राहायचं. प्रत्येकाचा बिल्ला स्वतः काढून त्याच्या हातात द्यायचा, आणि तो जे बोलेल ते ऐकून घ्यायचं. उत्तर द्यायचं नाही.

ओरिननं गाडी हाणत आणली असणार, कारण आमची पाळी सुटायच्या आत ती फळीपाशी उभी होती. ओरिनचा कोट तसाच अंगावर, कानामागं काजळी.

पहिला आला तो म्हणाला, "सँडविच चांगलं होतं का?"

दुसरा म्हणाला, "मी तुझ्या अंत्ययात्रेला घालायचा सूट ठरवून ठेवला होता. वाया गेला."

"माझ्या गुडघ्यांचं बिल तुला पाठवतो."

"पुढच्या वेळी पॅरिसला जा, निदान एखादं पोस्टकार्ड तरी येईल."

बस्टर पोलिनो युनियनचा असल्यामुळं भाषणाच्या तयारीत आला होता. तोंड उघडलं, मिटलं, बिल्ला घेतला आणि म्हणाला, "मूर्ख बाई."

वेंडेलचा मुलगा काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका खाणीत छत कोसळून गेला. वेंडेल समोर आला. मावशीनं बिल्ला पुढं केला. त्यानं तो घेतला, तिचा हात थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि काही न बोलता गेला.

मी शेवटी होतो. मला खूप बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "सहा?"

तिला उत्तर द्यायला बंदी होती. तिनं नुसती मान हलवली, आणि तेवढ्यात डोळे चमकले.

रीत संपली तसं आम्ही तिच्या पोर्चवर जाऊन बसलो. ओरिनही होता, पायरीवर, पाहुण्यासारखा अंग चोरून. मावशीनं बीन्स गरम केले, मक्याचा ब्रेड काढला, आणि सुरू झाली.

बंदरात तिला कुणी आत घेतलंच नाही. फाटकावरचा म्हणाला, पास? ती म्हणाली, त्या ढिगाऱ्यातला कोळसा माझाय. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. मग हे दोघं पलीकडच्या काठावर गेले, तिथं लोक गळ टाकून बसतात. एक म्हातारा खेकडे धरणारा भेटला, आयझाया नावाचा. त्याला जहाजांचं सगळं कळतं, कारण जहाजं पुढून गेली की त्याचे सापळे हलतात.

"त्यानं सांगितलं," मावशी म्हणाली, "की पोट वर आलेलं जहाज रिकामं, बुडालेलं भरलेलं. गेल्या हिवाळ्यात बाहेर नुसती रिकामी उभी, रांग लागलेली. मग उन्हाळ्यात महिनाभर एक नाही. ढीग मात्र डोंगराएवढे. मी विचारलं का, तर म्हणाला बाई, मी खेकडे धरतो."

"मग कळलं काय?" मी विचारलं.

"धीर धर. त्यानं एक खाणावळ दाखवली. खलाशी तिथं फुकटच्या वायफायसाठी येऊन बसतात. तिथं एक इकबाल भेटला. कच्छ म्हणून भाग आहे भारतात, समुद्राकाठी, तिथला. पोरगा मोठा गोड. मला आंटी म्हणत होता."

ओरिन पायरीवरून म्हणाला, "हिनं त्याला धड जेवूसुद्धा दिलं नाही. प्रश्नावर प्रश्न."

"तू गप. तर हा इकबाल त्या धक्क्याच्या जहाजावरच आहे. म्हणाला, आंटी, हे सगळं आमच्याकडं जातं. त्याच्या मेव्हण्याचा ट्रक आहे, तो बंदरातनं कोळसा उचलून आत नेतो, उत्तरेला. आणि कशासाठी, सांग."

"पोलाद."

"छट्."

"वीज?"

"विटा," मावशी म्हणाली. असं म्हणाली, जसं काही पेटीतून साप निघाला. "विटा भाजतात रे आपल्या कोळशावर. हजारो भट्ट्या. त्यानं फोनवर दाखवलं. एवढी लांबलचक खंदकासारखी भट्टी, वर माणसं उभी, झाकणं उचलून डब्यानं कोळसा टाकतात. आपला कोळसा त्यांना आवडतो, कारण थोडक्यात भागतं, भट्टी चटकन तापते. बायका डोक्यावर विटा घेऊन चालतात. डोक्यावर, लेव्ही, चळत रचून, हात सोडून. मी तसं बेल्टच्या कडेनं चार पावलं चालू शकले नसते."

"आणि गंधक?"

"मी विचारलं. धुराचं काय, म्हटलं. तो म्हणाला, वास येतो. मी म्हटलं, खोकतात का ते लोक? म्हणाला, आंटी, खोकतात तर सगळेच." तिनं ब्रेडचा तुकडा मोडला आणि तसाच ताटलीत ठेवला. "मला माझे वडील आठवले. म्हणजे इथं खणताना एक खोकतो, तिथं जाळताना दुसरा."

मग ओरिनच म्हणाला, "खरी गोष्ट सांग त्याला. पावसाची."

"हां. ते ऐक. या विटा आधी उन्हात वाळवाव्या लागतात, मग भट्टीत. तिकडं जूनच्या शेवटी पाऊस सुरू होतो, आणि तीन-चार महिने नुसता पडतो. कच्च्या विटा विरघळतात. म्हणून भट्ट्या बंद. मजूर गावी. पाऊस संपला की ऑक्टोबर-नोव्हेंबरात परत पेटवतात. म्हणजे जहाज आपल्या उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबर, येतच नाही. म्हणून आपण उन्हाळ्यात झाडू मारतो." तिनं हात झाडले. "क्रेस म्हणतो बाजार. हा बाजार आहे होय? हा पाऊस आहे."

मी म्हणालो, क्रेसला हे माहीत असेलच. ती म्हणाली, "असेल ना. त्याच्या वरच्यांना तर असणारच. आपल्याला सांगायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, एवढंच. आणि नुसता पाऊसच नाही. दुसऱ्या देशाचा कोळसा स्वस्त झाला तर ते तो घेतात. जहाजाचं भाडं वाढलं तरी घेत नाहीत. इकबालच म्हणाला."

"मग सही करणार का नाही?" मी विचारलं.

"झोपू दे मला," ती म्हणाली. सरळ उत्तर दिलं नाही.

सोमवारी क्रेसच्या खोलीत ती, बस्टर आणि मी. मला कुणी बोलावलं नव्हतं, मी दारातच उभा राहिलो आणि हटलो नाही. क्रेसनं बुटांकडे बघून सांगितलं, की बिल्ल्याची चूक ही कामावरून काढण्यासारखी चूक आहे. एक पाळी बुडाली, गाडी बुडाली, जहाज हातचं गेलं. पण.

"पण काय?" बस्टर म्हणाला.

पण थेडानं स्वेच्छानिवृत्तीवर सही केली, तर तो बिल्ल्याचं काही लिहिणारच नाही. ती पैसे घेऊन मानानं जाईल. पाच पुरे होतील. नव्यांपैकी कुणाला जावं लागणार नाही. आणि सही नसेल, तर चौकशी. चौकशीत काढून टाकलं, तर ना नोकरी ना रक्कम.

बस्टर म्हणाला, "थेडा, कर सही. याहून चांगलं मी तुला मिळवून देऊ शकत नाही."

माझं टाळकं तापलं. मी म्हणालो, "तिला विकत घेताय का?" क्रेस म्हणाला, तू बाहेर हो. मावशी म्हणाली, तो राहू दे, पण लेव्ही, तोंड बंद.

मग तिनं क्रेसला विचारलं, "जूनमध्ये काय होणार?"

"म्हणजे?"

"तिकडं पाऊस सुरू झाल्यावर. ही पाच माणसं गेल्यावर पुरतं का, का जूनमध्ये आणखी पाच?"

क्रेसनं पहिल्यांदा बुटांवरून डोळे उचलले. तो म्हणाला, "मला खरंच माहीत नाही, थेडा. मला तीन महिन्यांचं सांगतात. त्यापुढचं त्यांनाही माहीत नसतं."

"बरं झालं खरं बोललास," ती म्हणाली. आणि कागद त्याच्याकडे परत सरकवला. "चौकशी कर."

बाहेर आल्यावर मी तिला म्हणालो की बरोबर केलंस. ती माझ्यावर उखडली.

"बरोबर काय? तुझी नोकरी गेली, कळतंय का? मी राहिले म्हणून तू जाणार."

"गेली तर गेली."

"शहाणपणा करू नकोस. मी तुझ्यासाठी सही करणार होते, रविवारी रात्रीपर्यंत. मग विचार केला, तू बावीसचा. तू उन्हाळ्यात जाशील, कुठंही काम करशील, भट्ट्या पेटल्या की परत येशील. मी एकदा गेले की गेले. मला परत कोण बोलावणार?" ती चालत राहिली. "आणि मला बघायचंय पुढं काय होतं ते. सहा जहाजं बघून आल्यावर मी पोर्चवर बसू? माझ्यानं व्हायचं नाही."

तिनं हे माझ्या तोंडावर सांगितलं म्हणून मी तिला मानतो. दुसरी कुणी असती तर गोड बोलली असती.

चौकशी झाली. वेंडेलनं तिथं येऊन सांगितलं, की तिला ज्यांनी शोधलं ते सगळे परत तिच्या मागं बेल्टवर चालायला तयार आहेत, आणि कंपनीला याच्यापेक्षा जास्त काही विचारायचं असेल तर त्यांनी त्या गाडीवर उभं राहून सळई मारून दाखवावी. मावशीला काही आठवडे बिनपगारी घरी बसवलं आणि परत घेतलं. ती परतली तेव्हा इकबालचं जहाज आफ्रिकेला वळसा घालत होतं. हे तिला माहीत होतं, कारण तो तिला फोनवर समुद्राचे फोटो पाठवायचा.

पाचवी सही मिळाली नव्हती, म्हणून जूनमध्ये मला आणि माझ्याबरोबरच्या नव्यांना घरी पाठवलं. मी आता गॅसच्या पाइपलाइनवर खणतो. ओरिननं चिकटवून दिलं. मावशी दर रविवारी जेवायला बोलावते आणि दारातच म्हणते, "आले गॅसवाले," आणि मग दोघांनाही वाढते, त्यालाही, मलाही.

एक विचित्र गोष्ट झालीय. आमच्या खोऱ्यात कुणाला भारत नकाशावर दाखवता आला नसता. आता लॅम्परूमच्या फळीशेजारी डार्लीननं एक कागद चिकटवलाय. त्यावर मावशी रोज पाळीच्या आधी तिकडचा पाऊस लिहिते, कुठं पडला, किती पडला. लोक कॉफी घेऊन उभं राहून वाचतात. वेंडेल विचारतो, राजस्थान म्हणजे वरचं का खालचं? बस्टर म्हणतो यंदा लवकर संपणार, त्याला कसं कळतं देव जाणे, पण त्यावर पैजा लागतात. ऑगस्टमध्ये तिकडं पूर आला तेव्हा खाणीत दिवसभर कुणी पैज लावली नाही, असं डार्लीन सांगते. पुराची काळजी होती की कोळशाची, मला सांगता येणार नाही. मावशीला विचारलं तर म्हणाली, दोन्हीची, आणि त्यात लाज कसली.

काल मी पाइपच्या खड्ड्यात होतो, तेव्हा तिचा फोन आला. तिनं हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"पाऊस मागं फिरला," ती म्हणाली. "कच्छात ऊन पडलंय. इकबालची आई छपरावर कपडे वाळत घालतेय, त्यानं फोटो पाठवला."

"मग मी येऊ? क्रेसनं बोलावलं का?"

"नाही अजून. आधी माती कालवतील, विटा पाडतील, त्या वाळतील. मग भट्टी. मग कोळसा मागवतील, तो आपलाच मागवतील कशावरून." पलीकडं वॉशरीजवळचा बेल्ट सुरू झाल्याचा घरघराट ऐकू आला. "खणत राहा तू. मी विचारून सांगते, यंदा माती कशी आहे."